हेवी-ड्युटी ऑफ-रोड पिकअप: ट्रिम, पॅकेज आणि ऑप्शन कसे ताडून पाहायचे

फोर्ड एफ-२५० ट्रेमर, रॅम पॉवर वॅगन, शेवरले सिल्व्हराडो झेडआर२, जीएमसी सिएरा एटी४एक्स. अमेरिकेत हेवी-ड्युटी पिकअप बघायला सुरुवात केली की तासाभरात ही नावं कानावर आदळतात. मागोमाग एफएक्स४, झेड७१, एटी४, रेबेल. यातली काही ट्रिमची नावं, काही पॅकेजची, आणि एखाददुसऱ्या ठिकाणी स्टिकर जास्त नि लोखंड कमी. त्यात केबिनचे प्रकार वेगळे, हौद्याच्या लांब्या वेगळ्या, इंजिनं वेगळी.

बहुतेकांचा घोटाळा होतो तो क्रमात. शोरूममध्ये आधी रंग ठरतो, मग सीट, मग स्क्रीन, मग महिन्याचा हप्ता. वजनाचा आकडा सही झाल्यावर कळतो. इथला क्रम उलटा आहे. आधी वजन, मग डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) आणि गिअरिंग, मग सस्पेन्शन, इंजिन, टायर. चामड्याच्या सीट सगळ्यात शेवटी. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी धरा: दगडधोंड्यांत चांगला चालणारा ट्रक सहसा ओझं कमी वाहतो. मऊ स्प्रिंग, विंच (दोराने गाडी ओढून काढणारं यंत्र), स्किड प्लेट (पोटाखालचे संरक्षक पत्रे), मोठे टायर, सगळ्यांची किंमत पेलोडमधून, म्हणजे ट्रकवर लादता येणाऱ्या वजनातून, वळती होते.

पायरी १: आधी वजनाचा हिशोब

एफ-२५० किंवा २५०० यांना अजून ‘पाऊण टनी’ म्हणतात आणि ३५०/३५०० यांना ‘एक टनी’. ही नावं जुन्या काळची आहेत, त्यांच्यावर हिशोब करू नका. खरी वर्गवारी ठरते ती जीव्हीडब्ल्यूआरवर, म्हणजे गाडी, इंधन, माणसं, सामान आणि ट्रेलरचा हिचवर (जोडणीच्या आकड्यावर) पडणारा भार मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल त्यावर. ८,५०१ ते १०,००० पाउंड म्हणजे वर्ग २बी, १०,००१ ते १४,००० म्हणजे वर्ग ३. बरेचसे २५०/२५०० ट्रक १०,००० पाउंडांच्या रेषेवर किंवा तिच्या जरा खाली थांबवलेले असतात, कारण रेषा ओलांडली की बऱ्याच ठिकाणी नोंदणीचे आणि व्यावसायिक वापराचे नियम बदलतात.

याचा परिणाम नवख्यांना उलटा वाटतो. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कित्येक शे पाउंडांनी जड असतं. जीव्हीडब्ल्यूआर तितकंच राहिलं आणि इंजिन जड झालं, तर तेवढं पेलोड गेलं. म्हणून एकाच ट्रिममध्ये जास्त ताकदीचा, जास्त महागडा डिझेल ट्रक माणसं आणि सामान मात्र पेट्रोल ट्रकपेक्षा कमी उचलतो. जास्त ओढता येतं, कमी लादता येतं.

पेलोडचा आकडा कॅटलॉगमधून घेऊ नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरच्या दाबाचं लेबल असतं. त्यावर, माणसं आणि सामान यांचं एकत्रित वजन अमुक किलो किंवा अमुक पाउंडांच्या वर जाता कामा नये, असं एक वाक्य छापलेलं असतं. तो आकडा त्या विशिष्ट ट्रकचा, कारखान्यात बसवलेले ऑप्शन धरून काढलेला असतो. शेजारी उभ्या असलेल्या त्याच ट्रिमच्या ट्रकवर दोनतीनशे पाउंडांचा फरक दिसू शकतो. सनरूफ, पॉवर पायऱ्या, डिझेल, विंच, सगळं तिथे उमटतं. डीलरने नंतर बसवलेलं सामान त्यात नाही असं धरूनच चाला.

आता हिशोब. पॉवर वॅगनच्या लेबलवर साधारण १,५०० ते १,६०० पाउंड दिसतात. १,५५० धरू.

चार मोठी माणसं: ७०० पाउंड
हौद्यावरची टपाची कॅनोपी: २०० पाउंड
पाणी, फ्रीज, हत्यारं, जास्तीचं इंधन: ३०० पाउंड
उरले: ३५० पाउंड

साध्या बंपर-हिचच्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार हिचवर येतो. १० टक्के धरले तर ३५० पाउंडांत भरलेला ३,५०० पाउंडांचा ट्रेलर बसतो. ट्रेलर रस्त्यावर डोलू नये म्हणून १२.५ टक्के धरले तर २,८००. कॅटलॉगमध्ये त्याच ट्रकची ओढण्याची क्षमता १०,००० पाउंडांच्या वर छापलेली असते आणि ती खोटीही नाही. एसएई जे२८०७ या मानकाप्रमाणे चाचणी होते तेव्हा ट्रकमध्ये तुमचं कुटुंब, कॅनोपी आणि फ्रीज नसतात, एवढंच.

फिफ्थ-व्हीलचा, म्हणजे हौद्यातल्या हिचवर टेकणारा, ट्रेलर असेल तर आणखी काटेकोर व्हा. तिथे हौद्यावर पडणारा भार १५ ते २५ टक्के असतो. १२,००० पाउंडांच्या ट्रेलरचे २० टक्के म्हणजे २,४००; त्यात हिचचं स्वतःचं वजन आणि माणसं मिळवा. इथे पॉवर वॅगन यादीतून सरळ बाद होतो. रॅममध्येच राहायचं असेल तर रेबेल पाहा, त्याचे जाहिरातीतले कमाल आकडे ३,१४० पाउंड पेलोड आणि १६,८७० पाउंड टोइंग असे आहेत. पण ते दोन्ही एकाच ट्रकवर मिळत नाहीत. कमाल पेलोड पेट्रोलवर, कमाल टोइंग डिझेलवर. अशी जोडगोळी सगळ्याच कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये आढळते.

त्याच चौकटीवरच्या दुसऱ्या लेबलवर पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादाही वेगळी दिलेली असते. डिझेल, विंच आणि स्टीलचा बंपर असं तिन्ही पुढे टांगलं तर एकूण वजन मर्यादेत राहूनही पुढचा अ‍ॅक्सल ओलांडला जातो. शंका असेल तर ट्रक-स्टॉपवरच्या काट्यावर पुढची आणि मागची चाकं वेगळी तोलून घ्या.

पायरी २: ट्रिम कोणती, पॅकेज कोणतं, ते वेगळं काढा

ट्रिम म्हणजे आतला थाट आणि सोयींचा दर्जा: फोर्डमध्ये एक्सएल, एक्सएलटी, लॅरिएट, किंग रँच, प्लॅटिनम; रॅममध्ये ट्रेड्समन, बिग हॉर्न, लॅरॅमी, लिमिटेड; शेवरलेमध्ये डब्ल्यूटी, एलटी, एलटीझेड, हाय कंट्री. पॅकेज म्हणजे ट्रिमवर चढवलेला सामानाचा संच. ट्रेमर हे पॅकेज आहे, म्हणून ते एकाहून जास्त ट्रिमवर मिळतं. झेडआर२, एटी४एक्स आणि पॉवर वॅगन या स्वतंत्र ट्रिम आहेत. गंमत अशी की पॉवर वॅगनचे लॉकर (दोन चाकं एकत्र बांधणारी यंत्रणा, पायरी ३ पाहा) आणि सस्पेन्शन साध्या ट्रेड्समनवर पॅकेज म्हणूनही दिलं गेलेलं आहे. कापडी सीट चालत असतील तर त्याच लोखंडाला बरेच कमी पैसे पडतात, आणि ही वाट विक्रेता सहसा आपणहून दाखवत नाही.

खालच्या पायरीवरची पॅकेजं नीट वाचा. सुपर ड्युटीवरच्या (फोर्डच्या एफ-२५०, एफ-३५० मालिकेवरच्या) एफएक्स४ मध्ये स्किड प्लेट, उतारावरचा वेग धरून ठेवणारी यंत्रणा आणि वेगळे शॉक येतात. उंची वाढत नाही, आणि मागचा लॉकर वेगळा मागवावा लागतो. झेड७१ चंही तसंच: शॉक, स्किड प्लेट, हिल डिसेंट. दोन्ही उपयोगाची आहेत, पण ती मातीच्या रस्त्यासाठी. फोर्डने २०२३ पासून एक्सएलवर एक ऑफ-रोड पॅकेज दिलं, ज्यात ३३ इंची टायर, मागचा इलेक्ट्रॉनिक लॉकर, वर चढवलेल्या व्हेंट नळ्या आणि स्किड प्लेट आहेत, शिवाय पुढची खाली लोंबणारी हवारोधक पट्टी काढलेली असते. शेतावर, खाणीवर, विजेच्या तारांच्या कामावर जाणाऱ्याला आमच्या मते याहून शहाणा सौदा नाही.

मग अडसर बघा. प्रत्येक पॅकेज काही गोष्टी बंद करतं. ट्रेमरला चार दारांची मोठी (क्रू) केबिन, ६.७५ फुटी हौदा आणि मागे एकेरी चाकं लागतात. झेडआर२ फक्त २५०० वर, क्रू केबिन आणि छोट्या हौद्यात. पॉवर वॅगनही क्रू केबिन आणि ६ फूट ४ इंचांच्या हौद्यातच. आठ फुटी हौदा हवाच असेल तर ही तिन्ही नावं विसरा, आणि एफएक्स४ किंवा झेड७१ वर लॉकर घालून घ्या.

कंपनीच्या वेबसाइटवर ट्रक जुळवताना एक युक्ती करा. एकाच इंजिनचे, एकाच केबिनचे दोन ट्रक दोन टॅबमध्ये उभे करा: एक पॅकेजसकट, दुसरा पॅकेज काढून तेच सुटे ऑप्शन घातलेला. पॅकेज निवडताना ‘हे घातल्यास ते काढावं लागेल’ अशी खिडकी उघडते, ती वाचून लिहून ठेवा. ज्या गोष्टी सुट्या मिळतच नाहीत त्यांच्यासाठीच पॅकेजचे पैसे मोजायचे.

पायरी ३: डिफरन्शियल आणि गिअरिंग

चारही चाकांना ताकद जाते म्हणून चारही चाकं ओढतात असं नाही. साध्या, ओपन डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत किंवा चिखलात गेलं की तेच गरगरतं आणि दुसरं उभं राहतं. फोर-व्हील-ड्राइव्ह लावूनही पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं नुसती फिरताना दिसतात ती त्यामुळेच. यावर चार उपाय बाजारात आहेत आणि ते एका पंगतीत बसवू नयेत.

पहिला, ब्रेक लावून फिरणारं चाक आवरणारी ट्रॅक्शन कंट्रोल यंत्रणा. ती सगळ्यांकडे असते, पण आधी चाक फिरतं आणि मग ती जागी होते. लांब चढावर ब्रेक तापतात. दुसरा, लिमिटेड-स्लिप. तो दोन्ही चाकांत थोडी ताकद वाटतो, पण एक चाक पूर्ण हवेत गेलं की त्याचा हात आखडतो. तिसरा, जनरल मोटर्सचा (शेवरले आणि जीएमसी यांच्या मालक कंपनीचा) जी८० म्हणून ओळखला जाणारा यांत्रिक स्वयंचलित लॉकर. दोन मागच्या चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की तो आपोआप पक्का होतो, आणि ताशी २० मैलांच्या आसपास वेग गेला की त्याचं काम थांबतं. ‘चाक जरा फिरलं आणि मागून धाडकन आवाज आला’ ही तक्रार घेऊन लोक गॅरेजमध्ये जातात. ते बिघाडाचं लक्षण नाही, तो तसाच चालतो. मात्र बर्फाळ चढावर हा अचानक लागणारा झटका मागची बाजू आडवी सरकवू शकतो.

चौथा म्हणजे बटणाने लागणारा इलेक्ट्रॉनिक लॉकर. दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, आणि कधी लावायचा ते तुम्ही ठरवता. अवघड वाटेवर हाच हवा.

मग कोणाकडे काय? पॉवर वॅगनला पुढे आणि मागे दोन्हीकडे इलेक्ट्रॉनिक लॉकर. ट्रेमरला मागे इलेक्ट्रॉनिक लॉकर, पुढे लिमिटेड-स्लिप. झेडआर२ आणि एटी४एक्सच्या एचडी (हेवी-ड्युटी) रूपांना फक्त मागे. यात एक सापळा आहे: लहान कोलोरॅडो झेडआर२ आणि सिल्व्हराडो १५०० झेडआर२ यांना पुढचाही लॉकर आहे, एचडीला नाही. नाव तेच, लोखंड वेगळं. रेबेलला मागचा. साध्या एलटी, झेड७१, एटी४ ला जी८०.

पुढचा लॉकर खरंच लागतो का? कातळाच्या पायऱ्या, खोल तिरके खड्डे, जिथे एक पुढचं आणि एक मागचं चाक एकदम उचललं जातं, तिथे लागतो. वाळू, चिखल, बर्फ, जंगलातले रस्ते यांना मागचा लॉकर आणि चांगले टायर पुरतात. पुढचा लॉक असताना स्टीअरिंग दगडासारखं जड होतं आणि गाडी वळायला नकार देते. तो सरळ चढापुरता लावून लगेच सोडायचा. कोरड्या डांबरावर लावून वळवलात तर सांधे आणि शाफ्ट यांच्यावर नाहक ताण येतो.

आता क्रॉल रेशो. हळू, काबूत चढण्याची ताकद यावरून कळते. तीन आकड्यांचा गुणाकार: पहिला गिअर × ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लो रेशो × अ‍ॅक्सल रेशो. पेट्रोल ७.३ लिटरचा ट्रेमर: ४.६१५ × २.६४ × ४.३० म्हणजे ५२ च्या वर. तोच ट्रेमर डिझेलमध्ये ३.५५ अ‍ॅक्सलवर ४३ च्या आसपास येतो. पॉवर वॅगन: ४.७१ × २.६४ × ४.१० म्हणजे ५१.

पण टायर जितका मोठा तितका तो गिअरिंग खातो. ट्रेमर ३५ इंची टायरवर, पॉवर वॅगन ३३ इंचीवर. ५२ ला ३५ ने आणि ५१ ला ३३ ने भागून पाहा. पॉवर वॅगनच किंचित पुढे निघतो. डिझेलचा ४३ दिसायला कमी, पण त्याचा टॉर्क खूप खालच्या आरपीएमला येत असल्याने चढताना अडत नाही. उतरताना मात्र कमी रेशो जाणवतो, ब्रेकवर जास्त पाय ठेवावा लागतो.

ट्रान्सफर केस कसा बदलतो तेही बघा. पॉवर वॅगनला जमिनीवरचा दांडा आहे, फोर्डला डायल. फोर्डच्या पुढच्या चाकांच्या हबवर हाताने फिरवून लॉक करायची सोय असते, आणि ती वरवर वाटते त्यापेक्षा कामाची आहे: आपोआप लागणारी व्हॅक्यूम यंत्रणा रुसली तरी खाली उतरून हब फिरवलात की पुढची चाकं जोडली जातात.

पायरी ४: पुढचं सस्पेन्शन

रॅम आणि फोर्ड पुढे सलग (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असलेला) अ‍ॅक्सल ठेवतात, जनरल मोटर्स स्वतंत्र सस्पेन्शन आणि टॉर्शन बार. सलग अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियलचा गोळा चाकांबरोबर वरखाली होतो, त्यामुळे त्याच्याखालची मोकळी जागा जवळजवळ कायम राहते. ती वाढवायचा एकच मार्ग, मोठा टायर. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये उभ्या ट्रकखाली जास्त जागा दिसते, झेडआर२ एचडीची ११.८ इंच सांगतात, पण खड्ड्यात स्प्रिंग दबली की ती कमी होते. उलट खडबडीत रस्त्यावर वेगाने जाताना आणि हायवेवर दिवसभर चालवताना स्वतंत्र सस्पेन्शन फारच आरामाचं. झेडआर२ आणि एटी४एक्सवरचे मल्टीमॅटिकचे डीएसएसव्ही शॉक इथेच आपली किंमत वसूल करतात. रोज १०० मैल कच्चा रस्ता असेल तर हे ट्रक, आणि ताशी ३ मैलांनी दगड चढायचे असतील तर सलग अ‍ॅक्सल, असा आमचा कौल.

पॉवर वॅगनकडे आणखी एक गोष्ट आहे जी बाकी दोघांकडे नाही: पुढचा स्वे बार (दोन्ही चाकांना जोडून गाडी झुकू न देणारा दांडा) बटणाने सुटतो. त्यामुळे एक चाक खूप वर, दुसरं खूप खाली गेलं तरी दोन्ही जमिनीला धरून राहतात. वेग वाढला की तो पुन्हा आपोआप जोडला जातो.

सलग अ‍ॅक्सलवर जड ३५ किंवा ३७ इंची टायर चढवताना ट्रॅक बारचे बुश, बॉल जॉइंट आणि चाकांचं संतुलन तपासा. त्यात झिज असेल तर खड्ड्यावरून जाताच स्टीअरिंग थरथरायला लागतं आणि थांबेपर्यंत थांबत नाही. याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. स्टीअरिंग डँपर नवा टाकला की ते महिनाभर झाकलं जातं, बरं होत नाही.

चाकांमधलं अंतरही विसरू नका. पॉवर वॅगनचं सुमारे १४९ इंच, ट्रेमर आणि झेडआर२ चं १६० च्या आसपास. टेकाडाच्या माथ्यावर पोट टेकणं आणि झाडांमधून एका दमात वळणं, दोन्हीत हे ११ इंच पदोपदी जाणवतात. पाण्यातून जाण्याची मर्यादा पॉवर वॅगनला ३० इंच, ट्रेमरला ३३ इंच. दोन्ही आकडे संथ पाण्याचे आहेत.

पायरी ५: पेट्रोल की डिझेल

पेट्रोलमध्ये फोर्डचं ७.३ लिटर (४३० अश्वशक्ती, ४८५ पाउंड-फूट), जनरल मोटर्सचं ६.६ लिटर (४०१ आणि ४६४) आणि रॅमचं ६.४ लिटर हेमी (४०५ ते ४१० आणि ४२९). डिझेलमध्ये जनरल मोटर्सचं ड्युरामॅक्स ४७० आणि ९७५, फोर्डचं जास्त ताकदीचं ६.७ लिटर ५०० आणि १,२००. डिझेलसाठी साधारण १०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात.

निर्णय तुलनेने सोपा आहे. वर्षातले बरेच दिवस १२,००० पाउंडांच्या वर ओढत असाल, किंवा डोंगरातले लांबलचक घाट असतील, तर डिझेल. त्याचा एक्झॉस्ट ब्रेक उतारावर सोन्यासारखा. नाहीतर पेट्रोल. पाच मैलांच्या फेऱ्या मारणाऱ्या डिझेलमध्ये काजळीचा फिल्टर नीट तापत नाही, स्वतःला जाळून साफ करू शकत नाही, आणि मग सेन्सरचे दिवे लागायला सुरुवात होते. वाळूत आणि चिखलात पुढचं जास्तीचं वजन नाक खाली रुतवतं, तेही आहेच.

पॉवर वॅगनला वर्षानुवर्षं डिझेल मिळालं नाही, कारण विंच बसतो तिथेच डिझेलला थंड हवा हवी असते. ज्या वर्षाचा ट्रक बघत असाल त्या वर्षाची ऑर्डर-यादी पाहूनच यावर ठरवा. आणि खिडकीवरच्या कागदावर मायलेज शोधू नका: ८,५०० पाउंडांच्या वरच्या जीव्हीडब्ल्यूआरला ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेचे मायलेजचे आकडे छापले जातच नाहीत.

पायरी ६: टायर

‘३५ इंची’ हा बाजारातला ढोबळ शब्द. बाजूवरच्या आकड्यांवरून खरा व्यास काढा. ट्रेमरचा एलटी२८५/७५आर१८: २८५ मिमी रुंदीच्या ७५ टक्के म्हणजे २१३.७५ मिमी, ती वर आणि खाली, म्हणून ४२७.५, त्यात १८ इंची रिमचे ४५७.२ मिळवले की ८८४.७ मिमी, म्हणजे ३४.८ इंच. झेडआर२ चा एलटी३०५/७०आर१८ ही ३४.८ वरच येतो, फक्त रुंद जास्त. पॉवर वॅगनचा एलटी२८५/७०आर१७ येतो ३२.७ वर.

वरच्या ट्रिमवर दिमाखासाठी २० इंची रिम येतात. टायरची बाजू तेवढी बुटकी होते, हवा कमी करून चालवायला वाव उरत नाही, आणि दगडावर रिम घासतं. १७ किंवा १८ इंची रिम मागवा. मड-टेरेन टायर चिखलात उत्तम, पण आवाज करतात आणि निसरड्या बर्फावर तीन शिखरं आणि हिमकणाच्या खुणेच्या ऑल-टेरेन टायरपेक्षा मागे पडतात. लोड रेंज, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचं अक्षर, वाचा. जड ओढणाऱ्याला ई हवा. जास्तीचं चाक त्याच मापाचं आहे की लहान, ते खाली वाकून बघा.

पायरी ७: कारखान्यातून काय घ्यावं, नंतर काय बसवावं

नंतर बसवणं महाग किंवा अशक्य असतं ते आधी मागवा: अ‍ॅक्सल रेशो, लॉकर, दोन अल्टरनेटर, नंतरच्या जोड-उपकरणांसाठीचे अपफिटर स्विच (फोर्डमध्ये डोक्यावर सहा स्विच, फ्यूज आणि वायर आधीच ओढलेल्या), फिफ्थ-व्हीलसाठी चौकटीतली तयारी, ट्रेलर ब्रेक कंट्रोलर. बर्फ ढकलायचा फाळ लावायचा असेल तर स्नो-प्लाऊ तयारीचं पॅकेज तुमच्या ऑफ-रोड पॅकेजबरोबर मिळतं का ते आधी विचारा.

नंतरवर टाकता येतं ते: हौद्याचं लायनर आणि झाकण, पायऱ्या, दिवे, मॅट. डीलर हेच दीडदोन पटीने लावतो.

विंच या दोन याद्यांच्या मधोमध बसतो. कारखान्याचा असेल तर रडार, कॅमेरा, एअरबॅग आणि थंड हवेची वाट यांच्याशी जुळवलेला असतो. १२,००० पाउंडांचा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा. दोर जितका गुंडाळलेला तितकी ओढ कमी. बाहेरचा भाग लावला म्हणून हमी आपोआप रद्द होत नाही, १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. पण त्या भागामुळेच बिघाड झाला असेल तर कंपनी त्या दुरुस्तीला नकार देऊ शकते.

पायरी ८: मोजपट्टी घेऊन घरी

एफ-२५० क्रू केबिन, छोटा हौदा: लांबी सुमारे २५० इंच. २० फुटी गॅरेज २४० इंचांचं. उंची ८१ इंच किंवा वर, आणि ७ फुटी दार ८४ इंचांचं. उघडलेल्या दाराची खालची कड त्याच्याही थोडी खाली लोंबते. छतावरचे दिवे आणि अँटेना धरून मोजा. पार्किंगच्या इमारतींमधली उंचीची पाटी यापुढे तुम्हाला वाचावीच लागेल.

पायरी ९: डीलरच्या आवारात

खिडकीवर दोन कागद असू शकतात. एक मोनरोनी, म्हणजे कारखान्याचं किंमतपत्रक: मूळ किंमत, प्रत्येक कारखानी ऑप्शन, पोचवण्याचं शुल्क. दुसरा डीलरचा स्वतःचा, रंगाचं संरक्षण, टायरमध्ये नायट्रोजन आणि ‘बाजारभावानुसार वाढ’ असलेला. पहिल्यावर घासाघीस होते, दुसरा सरळ खोडायला सांगा.

मग या क्रमाने: दाराचं लेबल आणि मोनरोनी यांचे फोटो. गाडी क्रमांकावरून कारखान्याची ऑप्शन-यादी मागवून ती मोनरोनीशी ताडा. जाहिरातीत ‘ऑफ-रोड पॅकेज’ लिहिलेलं असतं आणि यादीत लॉकर नसतो, असं बऱ्याचदा निघतं. खाली झोपून ट्रान्सफर केस आणि टाकीखालच्या स्किड प्लेट प्रत्यक्ष बघा. डॅशबोर्डवर लॉकरचं बटण शोधा. शेवटी खडीच्या किंवा मातीच्या जागेवर न्यूट्रलमध्ये फोर-लो लावा आणि लॉकरचं बटण दाबा. दिवा लुकलुकत राहिला तर घाबरू नका, दात जुळायला चाकं थोडी फिरावी लागतात: स्टीअरिंग किंचित वळवून पाचदहा फूट पुढेमागे घ्या. दिवा तरीही स्थिर होत नसेल, तर डीलरच्या खर्चाने तो दुरुस्त झाल्याशिवाय कागदाला हात लावू नका.